बोटीचा विमा काढतो, बोटाचं काय?



बंदीचे 61 दिवस आता संपत आले. 1 ऑगस्टपासून मालीम, कुटबण, वास्को, शापोरा इथून बोटी परत दर्यात जातील. सध्या प्रत्येक जेटीवर एकच लगबग आहे. इंजिनं उघडलीत, जाळी दुरुस्त होतायत, डिझेलचा आणि बर्फाचा हिशोब चाललाय, बोटीच्या विम्याचे कागद शोधले जातायत. हे सगळं व्हायलाच हवं. पण या तयारीच्या यादीत एक गोष्ट सहसा कुणी लिहीत नाही. ती म्हणजे मासळी साफ करणारा हात.

बोट गेली तर विमा आहे. जाळं गेलं तर निदान सभेत चर्चा होते. पण माणकी साफ करताना एखाद्या बाईचं बोट कापलं, तर? चिंधी बांधली, वर रबरी मोजा चढवला, परत कामाला बसली. संध्याकाळी कुणी विचारलं तर तीच म्हणते, "काही नाही गो, जरासं कापलं."

या "जरासं कापलं" बद्दलच आज आम्हाला बोलायचं आहे.

हा विषय आपला का?

काही ट्रॉलरमालक म्हणतील, मासळी आम्ही जेटीवर उतरवतो, पुढे एजंट आणि कारखाना बघेल, आमचा काय संबंध? संबंध आहे. जेटीवर मासळी निवडणारे, टोपल्या भरणारे हात आपल्याच पगारावर असतात. कारखान्यात आणि सोलाईच्या शेडमध्ये आपल्याच वाड्यांवरच्या बायका जातात. त्यांच्याशेजारी कर्नाटक, ओडिशा, झारखंडहून आलेली माणसं बसतात. बाजारात इसवणाचे तुकडे करून देणारी तर कुणाची आई, कुणाची वहिनी असते. शिवाय माणकी, सुंगटं, इसवण यांना भाव मिळतो तो साफ केलेल्या मालामुळे. तो माल कुणाच्या तरी हाताने साफ होतो.

आपल्याकडे म्हणतात, हातावर पोट आहे. मग त्या हातालाच इजा झाली तर पोटाचं काय, हा प्रश्न सोसायटीने विचारायचा नाही तर कुणी?

सुरी आहे म्हणजे कापणारच, हे खरं नाही

"धंद्यात सुरी आहे, तर कापणारच," असं आपल्याकडे सहज बोललं जातं. सुरी सगळीकडे असते, पण कापतं ते ठरावीक कारणांनी. ती कारणं बघा.

पहिलं कारण बोथट सुरी. धारदार सुरीने जास्त कापतं असं वाटतं, पण होतं उलटं. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती मासळीच्या कातडीवरून सटकते आणि सटकली की मासा धरलेल्या हातात जाते. म्हणून बहुतेक जखमा डाव्या हाताच्या तर्जनीला आणि अंगठ्याला होतात. (डावखुऱ्यांना उजव्या हाताला.)

दुसरं कारण मूठ. जुन्या लाकडी मुठीला चिरा पडतात, त्यात तेल आणि चिकटा बसतो, मूठ ओली झाली की हात पुढे पात्यावर घसरतो. मुठीला पुढे अडथळा असलेली सुरी घेतली तर ही जखम टळते.

तिसरं कारण थंडी. बर्फातली सुंगटं तासन्‌तास सोलली की बोटं बधिर होतात. बधिर बोटाला सुरी कुठे लागली ते लगेच कळतसुद्धा नाही. पाणी लाल दिसलं की मग कळतं.

चौथं कारण घाई. किलोमागे पैसे मिळत असतील तर प्रत्येक मिनिट पैशाचं. त्यात बोटी रात्री किंवा पहाटे येतात, माल एकदम येतो, डोळ्यांवर झोप असते. शेवटच्या दोन तासांत हात चुकतो हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

यातलं एकही कारण नशिबाचं नाही. धार लावणं, मूठ बदलणं, दीड-दोन तासांनी हात कोमट पाण्यात घालायला दहा मिनिटं देणं, उजेड वाढवणं, या सगळ्या माणसाच्या हातातल्या गोष्टी आहेत.

मासळीच्या पाण्यातली जखम वेगळी

घरी कांदा कापताना बोट कापलं तर दोन दिवसांत भरून येतं. मासळीच्या कामातली जखम तशी नसते. मासळीच्या अंगावर, खवल्यांत, काट्यांत आणि खाऱ्या पाण्यात जे जंतू असतात ते जखमेतून आत शिरतात. सुरीचीच जखम लागते असं नाही, सुंगटाच्या डोक्यावरचा काटा किंवा शिंगाळ्याचा काटा टोचला तरी तेच होतं.

एका प्रकारात दोन ते सात दिवसांत बोट जांभळट लाल होऊन सुजतं, आग आग होते. वेळेत डॉक्टरकडे गेलं तर साध्या पेनिसिलिनने बरं होतं. दुसरा प्रकार फसवा आहे. जखम बरी झाल्यासारखी वाटते आणि दोन-चार आठवड्यांनी त्याच जागी गाठ येते, ती महिनोन्‌महिने जात नाही. साध्या औषधांनी ती बरी होत नाही. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: "मी मासळीचं काम करते." एवढं सांगितलं तर डॉक्टर योग्य तपासणी करतील.

तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा. व्हिब्रियो नावाच्या जंतूंपैकी एक जात कोमट, निमखाऱ्या पाण्यात वाढते. मधुमेह असलेल्या किंवा दारूने यकृत खराब झालेल्या माणसाच्या जखमेत ती शिरली तर एका दिवसात हात सुजतो, फोड येतात, ताप चढतो. तिथे "उद्या बघू" म्हटलं तर हात जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आपल्या धंद्यात मधुमेह आणि दारू दोन्ही किती आहे हे वेगळं सांगायला नको.

म्हणून "जरासं कापलं" हे शब्द आम्हाला आवडत नाहीत.

जखम लपवावी का लागते?

आता मुद्द्याचं. हाताला उघडी जखम असेल तर खाण्याच्या मालाला हात लावायचा नाही, जखम नीट झाकल्याशिवाय कामावर बसवायचं नाही, असा अन्न सुरक्षेचा नियम आहे. नियम बरोबर आहे. कुणाच्या रक्ताचा डाग लागलेली मासळी कुणीच खाऊ नये.

पण रोजंदारीवरच्या बाईच्या जागी बसून या नियमाकडे बघा. जखम दाखवली तर सुपरवायझर म्हणणार, जा घरी. घरी गेलं की रोज गेला. दोन दिवस घरी बसलं तर दोन रोज गेले आणि तिसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बसलेली. मग ती काय करेल? जखम लपवेल. चिंधीवर मोजा चढवेल आणि तोच हात परत मासळीच्या पाण्यात घालेल.

म्हणजे मासळी स्वच्छ ठेवण्यासाठी केलेल्या नियमामुळे जखम झाकली जाते. मग मासळीही स्वच्छ राहत नाही आणि बाईचा हातही चिघळतो. नियम लिहिणाऱ्याने जखमेचा विचार केला, तिच्या रोजाचा कुणी केला नाही.

1997 सालची गोष्ट जुन्या लोकांना आठवत असेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने भारतातल्या मासळीची आयात थांबवली. कारण दिलं स्वच्छतेचं. त्यानंतर देशभरातल्या कारखान्यांनी पैसे ओतले. फरशा बदलल्या, पाण्याच्या तपासण्या सुरू झाल्या, पांढरे कपडे, टोप्या, गमबूट आले, बाहेरच्या उघड्या शेडमधली सोलाई कारखान्याच्या आत घ्यायला लागले. ही सुधारणा चांगलीच झाली. पण त्यातून एक धडा घ्यायला हवा. गिऱ्हाइकाने माल थांबवला की पैसा मिळतो, माणसं मिळतात, नोंदवह्या भरल्या जातात. सुंगटं किती अंशावर ठेवली याची नोंद दर तासाला होते. मग किती बोटं कापली याची नोंद महिन्यातून एकदा का होऊ नये?

आणि गिऱ्हाईक आता हाताबद्दलही विचारायला लागलंय. मार्च 2024 मध्ये भारतातल्या कोळंबी उद्योगातल्या कामगारांच्या हालांबद्दल अमेरिकेत मोठ्या बातम्या आल्या. गोव्यातही 2024 मध्ये कुटबणला कॉलरा पसरला, कामगार दगावले, तेव्हा कुठे जेटीवरच्या शौचालयांकडे आणि पिण्याच्या पाण्याकडे सगळ्यांची नजर वळली. कुणी मेल्यावरच लक्ष द्यायचं, ही रीत आता मोडूया.

पैसे कुठून मिळतात आणि कुठे मिळत नाहीत

इथे थोडा हिशोब देतो, कारण हक्काची माहिती नसल्यामुळे बरेच पैसे कुणी मागतच नाही.

ज्या कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं आहेत तिथे 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू होते. कंत्राटदाराकडची माणसंही त्यात येतात. कामावर जखम झाली तर पहिल्या दिवसापासून हक्क आहे, आधी किती महिने वर्गणी भरली हा प्रश्न येत नाही. डॉक्टरने कामाला अयोग्य ठरवलेल्या दिवसांचा पगाराच्या सुमारे 90 टक्के भत्ता मिळतो. बोट कायमचं गेलं तर दरमहा पैसे मिळतात. पण एक अट आहे: जखमेचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालेलं असलं पाहिजे.

जिथे ईएसआय नाही तिथे 1923 सालच्या नुकसानभरपाई कायद्याचं कोष्टक आहे, तेच आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आलं आहे. अंगठा गेला तर 30 टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर 14 टक्के, तर्जनीचं एक पेर गेलं तर 9 टक्के. हे टक्के कशाचे? समजा बाईचं वय 30 आणि महिना पगार 12,000 आहे. पगाराचे 60 टक्के म्हणजे 7,200. तिच्या वयाचा कायद्यातला आकडा 207.98. गुणाकार केला की 14,97,456 रुपये. त्याचे 9 टक्के म्हणजे एका पेराचे सुमारे 1,34,771 रुपये. आपल्याकडे एका पेराचे किती देऊन मिटवतात, हे ज्याचं त्याने आठवावं. या कायद्यातही बारीक जखमेला तीच अट: तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडालं तरच.

मच्छीमारांसाठी मत्स्य संपदा योजनेतला गट अपघात विमाही आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला 2.5 लाख, इस्पितळात दाखल झाल्यास 25,000 पर्यंत. ज्यांची नोंदणी नसेल त्यांनी ती नक्की करून घ्या.

आता तिन्ही एकत्र मांडून बघा. जी बाई चार टाके घालून त्याच दिवशी घरी आली आणि जिला डॉक्टरने दोन दिवस हात भिजवू नको म्हणून सांगितलं, तिला यातून काय मिळतं? काहीच नाही. दाखल झाली नाही म्हणून विमा नाही. तीन दिवस झाले नाहीत म्हणून भत्ता नाही, भरपाईही नाही. आणि आपल्या धंद्यात बहुतेक जखमा याच असतात, दोन दिवसांच्या. ही दोन दिवसांची जखम कुणाच्याच खात्यात नाही. म्हणून ती लपवली जाते आणि लपवली की वीस दिवसांची होते.

आमचं म्हणणं एवढंच आहे की हे दोन-तीन दिवस कुणीतरी उचलले पाहिजेत. कारखान्याने उचलावेत. जेटीवरच्या माणसांचे बोटमालकाने उचलावेत. सुट्या विक्रेत्या भगिनींचे सोसायटीच्या निधीतून द्यावेत. जखम दाखवली तर रोज बुडत नाही, हे एकदा कळलं की कुणीही जखम लपवणार नाही.

हरकती येणार, त्यांची उत्तरं

"खोटं सांगून लोक सुट्टी घेतील." दवाखान्याची चिठ्ठी बघा. दोन दिवसांच्या रोजासाठी स्वतःचं बोट कुणी कापून घेत नाही.

"मोजा घातला की कामाचा वेग कमी होतो." पहिले काही दिवस होतो, मग हात सरावतो. मोजाही कुठे घालायचा ते समजून घ्या. सुरीच्या हातात नाही, मासा धरलेल्या हातात. न कापला जाणारा विणलेला मोजा आत आणि रबरी मोजा वर. काही शे रुपयांत मिळतो. मोठी मासळी कापणाऱ्याला स्टीलच्या कड्यांचा मोजा लागतो. तो महाग असतो पण वर्षानुवर्षं टिकतो. मात्र लक्षात ठेवा, विणलेला मोजा पात्याची धार अडवतो, टोक अडवत नाही. आणि गोठलेली मासळी कापणाऱ्या फिरत्या करवतीवर मोजा अजिबात घालू नका, तो हातालाच आत ओढतो. तिथे पात्याला झाकण आणि मासळी ढकलायला ठोकळा हवा.

"बाहेरची माणसं, आज आहेत उद्या नाहीत, त्यांच्यावर खर्च कशाला?" याचं उत्तर व्यवहाराचं आहे. जिथे हात सांभाळला जातो तिथे माणूस पुढच्या हंगामाला परत येतो. दर ऑगस्टला खलाशी आणि कामगार मिळत नाहीत म्हणून आपण ओरडतो. त्याचं एक कारण इथेही आहे.

कापलं तर काय करायचं

हे सगळ्यांनी पाठ करा, घरच्या पोरांनाही सांगा.

वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने जखम नीट धुवा. टबातल्या मासळीच्या पाण्यात नाही. स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, चुना, तंबाखू, कोळसा काहीही भरू नका. बोटाला दोरी आवळू नका. बोट वाकत नसेल, बधिर वाटत असेल, रक्त दहा मिनिटं दाबूनही थांबत नसेल, तर थेट इस्पितळ गाठा. शीर किंवा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते आणि ती पहिल्या काही दिवसांतच जोडता येते.

बोटाचा तुकडा पडला तर घाबरून तो बर्फात टाकू नका. आपल्याकडे बर्फ सगळीकडे असतो म्हणून पहिला हात तिकडेच जातो. बर्फ थेट लागला तर तुकडा खराब होतो. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. 108 ला फोन करा आणि माणसाबरोबरच ती पिशवी बांबोळीला पाठवा.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन आत्ताच घ्या. मासळीच्या कामातली जखम मळकट धरतात. शेवटचा डोस घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर जखम झाल्यावर परत घ्यावा लागतो.

आमच्या मागण्या

हंगामाच्या आधीच्या सभेत हे विषय घ्यावेत, असं आम्ही सगळ्या सोसायट्यांना, बोटमालकांना आणि कारखानदारांना सांगतो.

1. जखमेचे पहिले तीन दिवस भरपगारी. जागा तिचीच राहील.

2. प्रत्येक जेटीवर, शेडमध्ये, कारखान्यात अपघातांची नोंदवही. कोण, कधी, काय कापत असताना, कशाने. नाव ठेवण्यासाठी ही वही नाही. एकाच टेबलावर महिन्यात चार जखमा झाल्या तर तिथला उजेड, सुरी किंवा उंची बदला.

3. सुऱ्यांना धार लावायचं काम एका माणसाकडे, रोज. बोथट सुरी दिली तर कामाला बसू नका.

4. मासा धरणाऱ्या हातासाठी मोजा मालकाने द्यायचा, पगारातून कापायचा नाही.

5. प्रथमोपचार पेटी कुलुपात नको. किल्ली मॅनेजरच्या खिशात असेल तर पेटी नसल्यासारखीच. बोटीवरही पेटी हवी, कारण तिथून जेटी काही तासांवर असते.

6. सुरी पाण्याच्या टबात बुडवून ठेवायची नाही, हातातून हातात द्यायची नाही, पडली तर पकडायची नाही. ही तीन वाक्यं कन्नड, हिंदी, ओडियातही भिंतीवर लिहा. जे वाचत नाहीत त्यांना चित्र काढून दाखवा.

यात एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी सरकारच्या आदेशाची वाट बघावी लागेल. दोन सभांमध्ये हे सगळं ठरू शकतं. खर्च एका जाळ्याच्या दुरुस्तीएवढाही येणार नाही.

बंधूंनो, बोट बांधायला कर्ज काढतो, इंजिनाला देवासारखं जपतो, जाळ्याला एक भोक पडलं तरी बसून विणतो. तीच काळजी मासळी साफ करणाऱ्या हातांना मिळू दे. आणि भगिनींनो, या हंगामात कापलं तर लपवू नका. जखम दाखवा आणि वहीत लिहायला लावा. त्याने तुमचं नाव खराब होत नाही, उलट तुमचा हक्क कागदावर येतो.

येत्या सभेला या. विषय पत्रिकेवर नसेल तर उभे राहून मांडा. आम्ही तुमच्याबरोबर आहोत.

दर्या सगळ्यांना सुखरूप ठेवो. भरलेल्या जाळ्याने आणि धडधाकट हातांनी घरी या.